कर्तनविरूपण सिद्धांत : स्तरित संमिश्र तुळया आणि पट्टिका

थरावर थर चिकटवून केलेली तुळई किंवा पट्टिका भाराखाली किती वाकेल, तिच्यातला ताण कुठे साचेल आणि ती किती वारंवारतेने थरथरेल, हे काढताना थरांची एकमेकांवरून सरकण्याची ओढ हिशेबात धरणारे गणिती सिद्धांत म्हणजे कर्तनविरूपण सिद्धांत. कर्तन म्हणजे कातरणे. वर्गात आणि कारखान्यात सगळे त्याला शिअरच म्हणतात, तुळईला बीम आणि पट्टिकेला प्लेट. विमानाचे पंख, पवनचक्कीची पाती, रेसिंगच्या गाड्यांचे सांगाडे अशा कार्बन किंवा काचेच्या तंतूंच्या वस्तूंचा आराखडा करताना या सिद्धांतांशिवाय भागत नाही.

कोल्हापूरकराला ही सरक वेगळी समजावून सांगायला नको. चपलेच्या तळाचे चामड्याचे दोन-तीन थर नुसते एकावर एक ठेवावेत, त्यांच्या कडेवर बॉलपेनने वरून खाली एक उभी रेघ मारावी आणि तळ वाकवावा. रेघ एकसंध राहत नाही. थराथराला तुटून तिच्या पायऱ्या होतात. तेच थर खळ लावून चामड्याच्या वादीने शिवले की पायऱ्या जवळजवळ नाहीशा होतात, पण बारकाईने पाहिले तर रेघ काटकोनातून जराशी कललेली दिसते. वाकलेल्या वस्तूतल्या या रेघेचे काय होते, एवढ्या एकाच प्रश्नावर हे सगळे सिद्धांत एकमेकांपासून वेगळे होतात.

थर बांधले आहेत की सुटे, याने किती फरक पडतो ते ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून कळते. समजा सारख्याच लांबी-जाडीचे ८ पाटे एकमेकांवरून मोकळे सरकतात. त्यांची एकूण ताठरता एका पाट्याच्या ८ पट. हेच पाटे जराही न सरकता एकजीव झाले तर ताठरता ८ च्या घनाइतकी, म्हणजे ५१२ पट. दोन टोकांत ६४ पटींचे अंतर. उसाने भरलेल्या गाडीला खड्ड्यात पाट्यांची सरक हवीच असते. विमानाच्या पंखाला ती नको असते. खरी स्तरित वस्तू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते आणि बहुधा एकजीव टोकाच्या जवळ असते. ‘बहुधा’वर विसंबून आराखडा करता येत नाही, म्हणून गणित.

अभिजात सिद्धांत कुठे अडतो

अठराव्या शतकाच्या मध्याला रूढ झालेला ऑयलर–बर्नुली यांचा तुळईचा सिद्धांत आणि १८५० मध्ये किर्खहोफ यांनी मांडलेला पट्टिकेचा सिद्धांत, दोन्हींत रेघ सरळ राहते आणि मध्यपृष्ठाशी काटकोनही सोडत नाही. याचा अर्थ कर्तनाविरुद्ध वस्तू अनंत ताठर आहे असे धरलेले असते. ऐकायला हे धाडसाचे वाटते, पण पोलादाच्या सडपातळ तुळईला ते चालून जाते. त्याचे कारण साधे आहे. वाकण्याला विरोध यंग गुणांक करतो, सरकण्याला कर्तन गुणांक. पोलादात पहिला दुसऱ्याच्या सुमारे २.६ पट असतो.

तंतूंच्या संमिश्रात, म्हणजे कंपोझिटमध्ये, चित्र पालटते. तंतूंच्या दिशेने खेचले की भार तंतू घेतात. थर सरकवायचा झाला की मधली राळ, म्हणजे रेझीन, तेवढी आड येते आणि ती तंतूंच्या मानाने फार मऊ असते. त्यामुळे दोन गुणांकांचे गुणोत्तर कित्येक दहांपर्यंत जाते. दोन टोकांना साधा आधार, सगळीकडे सारखा भार आणि आयताकृती छेद असलेल्या तुळईत कर्तनामुळे वाढणारा विक्षेप (म्हणजे तुळईचे खाली झुकणे), वाकण्यामुळे होणाऱ्या विक्षेपाच्या तुलनेत, ०.९६ गुणिले हे गुणोत्तर गुणिले जाडी-लांबी प्रमाणाचा वर्ग, इतका येतो. लांबी जाडीच्या १० पट असेल तर पोलादात ही भर जेमतेम अडीच टक्के. तंतू लांबीच्या दिशेने घातलेल्या आणि गुणोत्तर ५० असलेल्या संमिश्रात तीच भर ४८ टक्के. लांबी २० पट केली तरी १२ टक्के उरतेच. १०० पट झाल्यावर ती अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणजे ‘जाड तुळई’ कोणती हे फक्त फूटपट्टीने ठरत नाही, माल कोणता आहे यावरही ठरते. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच : पोलादासाठी पाठ केलेली सडपातळपणाची मर्यादा ते कार्बनच्या पट्टीलाही लावतात.

कर्तनाकडे लक्ष वेधले ते लाकडाने, हा यातला गमतीचा भाग. मॉस्को–सेंट पीटर्सबर्ग रेल्वेच्या लाकडी पुलांवर काम करणारे रशियन अभियंते झुराव्हस्की यांना लाकूड रेषांच्या दिशेने सहज चिरते हे दिसत होते. त्यांनी तुळईतल्या कर्तन प्रतिबलाचे सूत्र बसवले. ते १८५६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिबल म्हणजे वर्गातला स्ट्रेस. आयताकृती छेदात हे प्रतिबल वर-खाली शून्य आणि मध्यावर सरासरीच्या दीडपट असते. त्याचा आलेख परवलयाकार येतो. लाकूड हे निसर्गाने घडवलेले तंतुमय संमिश्रच आहे, तेव्हा त्यातच हे आधी उघडकीला यावे यात नवल नाही.

रेघ कलते : पहिल्या क्रमाचे सिद्धांत

१९२१ मध्ये टिमोशेंको यांनी तुळईच्या कंपनांवरच्या लेखात रेघेला सरळ ठेवून कलण्याची मुभा दिली. विक्षेप आणि छेदाचे फिरणे ही दोन स्वतंत्र अज्ञाते झाली. पट्टिकांसाठी हेच काम रायसनर यांनी १९४५ मध्ये आणि मिंडलिन यांनी १९५१ मध्ये केले. दोघांची नावे जोडूनच घेतली जातात, पण वाटा वेगळ्या होत्या : रायसनर प्रतिबलापासून निघाले, मिंडलिन विस्थापनापासून, म्हणजे वस्तूतला बिंदू किती हलतो यापासून. स्तरित पट्टिकांपर्यंत ही कल्पना यांग, नॉरिस आणि स्टॅव्हस्की यांनी १९६६ मध्ये आणली. व्हिटनी आणि पगानो यांनी १९७० मध्ये ती पुढे नेली.

या सिद्धांतात एक उसना तुकडा आहे. सरळ रेघ कलली की कर्तन विकृती, म्हणजे वर्गातला स्ट्रेन, जाडीभर सारखी निघते, म्हणजे वरच्या उघड्या पृष्ठावरही कर्तन प्रतिबल आहे असे उत्तर येते, आणि ते शक्य नाही. ही चूक झाकायला ताठरतेला कर्तन दुरुस्ती गुणकाने गुणतात. रायसनर यांच्या मांडणीतून तो ५/६ येतो, मिंडलिन यांनी पायचा वर्ग भागिले १२ घेतला, दोन्ही ०.८३ च्या आसपास. एकजिनसी आयतासाठी हे ठीक. संमिश्रात मात्र हा गुणक थरांचा क्रम, कोन आणि माल यांप्रमाणे बदलतो आणि मऊ गाभ्याच्या सँडविच पट्टिकेत ५/६ पासून फार दूर जातो. तरी सवयीने ५/६ च टाकला जातो. वस्तूचे लहान घटकांत तुकडे पाडून गणित करणाऱ्या, बाजारातल्या बहुतेक फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरांतले शेल घटक याच पहिल्या क्रमाच्या सिद्धांतावर उभे आहेत, म्हणून हा तपशील वापरणाऱ्याला ठाऊक असलेला बरा.

रेघ वळते : उच्च क्रमाचे सिद्धांत

पुढची पायरी म्हणजे रेघेला वाकडी होऊ देणे. विस्थापन जाडीच्या तिसऱ्या घातापर्यंत धरले की कर्तन विकृती परवलयाकार येते, वर-खाली आपोआप शून्य होते आणि दुरुस्ती गुणकाची गरज उरत नाही. लो, क्रिस्टेनसेन आणि वू यांचा १९७७ चा सिद्धांत बराच व्यापक होता, पण अज्ञातांची संख्या वाढवणारा. लेविन्सन यांनी १९८० मध्ये पृष्ठावरची शून्याची अट आधीच घालून ती आटोक्यात ठेवली. समीकरणे मात्र त्यांनी जुन्या समतोलाच्या वाटेने काढली. मूळचे तेलंगणाचे आणि अमेरिकेत अध्यापन करणारे जे. एन. रेड्डी यांनी १९८४ मध्ये तेच विस्थापन आभासी कार्याच्या (व्हर्च्युअल वर्क) तत्त्वातून नेले. अज्ञाते पहिल्या क्रमाइतकीच, पाच, आणि समीकरणे आतून सुसंगत. या शाखेत सर्वाधिक वापरला गेलेला सिद्धांत बहुधा हाच.

खरे-खोटे ठरवायला माप पगानो यांनी दिले. त्यांनी १९६९–७० मध्ये स्तरित पट्टिकांची त्रिमितीय स्थितिस्थापकतेची अचूक उत्तरे काढली. तेव्हापासून प्रत्येक नवा सिद्धांत त्यांच्यापुढे उभा केला जातो. तंतूंची दिशा थरागणिक शून्य–नव्वद–नव्वद–शून्य अंश अशी असलेली चार थरांची चौरस पट्टिका घ्या. बाजू जाडीच्या ४ पट, तंतूंच्या दिशेचा यंग गुणांक आडव्या दिशेच्या २५ पट, भार ज्यावक्री, म्हणजे साइन लाटेसारखा. मध्यबिंदूचा एककरहित विक्षेप अचूक उत्तरात १.९५४, रेड्डींच्या सिद्धांतात १.८९३७, पहिल्या क्रमात १.७१००. अभिजात सिद्धांतात तो केवळ ०.४३१२, म्हणजे खऱ्याच्या पाव हिस्साही नाही. बाजू जाडीच्या १०० पट केली की सगळे आकडे ०.४३ च्या घरात येऊन बसतात.

रेड्डींनंतर घनपदाच्या जागी दुसरी फलने बसवण्याची लाटच आली : तुराटिए यांचे ज्या फलन १९९१ मध्ये, सोल्डाटोस यांचे अतिपरवलयी १९९२ मध्ये, करामा व सहकाऱ्यांचे घातांकी २००३ मध्ये. ज्या फलनाची श्रेणी मांडली तर पहिली दोन पदे एकघाती आणि त्रिघातीच येतात, तेव्हा उत्तरांत फार फरक पडत नाही हे ओघाने आलेच. प्रस्तुत लेखकाला या शाखेतले पुष्कळ लेखन फलन बदलून तोच तक्ता पुन्हा छापल्यासारखे वाटते. याला सन्मान्य अपवाद आहेत. आयआयटी मुंबईचे शिंपी यांनी २००२ मध्ये विक्षेपाचे वाकण्याचा आणि कर्तनाचा असे दोन भाग पाडून दोनच अज्ञातांत पट्टिका सोडवली. घुगल आणि शिंपी यांनी २००१ मध्ये तुळयांच्या आणि २००२ मध्ये पट्टिकांच्या सिद्धांतांचा घेतलेला आढावा या विषयात शिरणाऱ्याला आजही सोयीचा पडतो. घुगल यांनी पुढे कोल्हापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून या विषयावर लेखन केले.

रेघ मोडते : थरांच्या सीमेवर

वरच्या सर्व सिद्धांतांत एक खोट सामाईक आहे. दोन थर चिकटलेले असतील तर त्यांच्या सीमेवर कर्तन प्रतिबल दोन्हीकडून सारखेच हवे. थरांचे कर्तन गुणांक वेगळे असतील तर विकृती वेगळी हवी, म्हणजेच रेघेला सीमेवर कोपरा पडायला हवा. गुळगुळीत फलनात कोपरा पडत नाही. परिणामी विकृती अखंड येते आणि प्रतिबल तुटते, नेमके उलट. नेहमीचा उपाय म्हणजे सिद्धांताकडून येणारे कर्तन प्रतिबल बाजूला ठेवून पातळीतल्या प्रतिबलांवरून समतोलाची समीकरणे जाडीतून संकलित करायची. हे बहुधा चांगले जमते.

कोपरा मुळातच आणणारे ते वाकणवळणाचे, म्हणजे झिगझॅग सिद्धांत. लेखनित्स्की यांच्या १९३५ च्या कामात त्यांचे मूळ सापडते. डी शूव्हा आणि मुराकामी यांनी १९८० च्या दशकात त्यांना आजचे रूप दिले. प्रत्येक थराला स्वतःची अज्ञाते देणारे थरनिहाय सिद्धांत याहून काटेकोर, पण थर वाढले की गणितही त्याच हिशेबाने फुगते.

पहिल्या क्रमाचे घटक फार पातळ पट्टिकेला लावले तर उलटीच अडचण येते : घटक कर्तन शून्य करण्याच्या धडपडीत अडकून नको तितका ताठर होतो. याला शिअर लॉकिंग म्हणतात. कमी बिंदूंवर संकलन करून ते टाळता येते.

कडेचे मात्र यांतल्या बहुतेकांना नीट दिसत नाही. पाइप्स आणि पगानो यांनी १९७० मध्ये दाखवले की मोकळ्या कडेजवळ, साधारण एका जाडीइतक्या पट्ट्यात, थरांमधली प्रतिबले एकाएकी चढतात. थर सुटणे बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. चप्पल कारागीर ज्याला पदर सुटला म्हणतो, तेही कडेपासूनच होते, आणि वादीची शिवण तळाच्या कडेकडेनेच फिरते. संमिश्रांतही जाडीतून दोरा घालून थर शिवण्याची पद्धत आहे. अशा शिवणीचे गणित वरच्या एकसंध सिद्धांतांत नीट बसत नाही, त्याला बहुधा त्रिमितीय प्रतिमान लागते.