जागतिक निधीच्या अनुदानांतील समुदाय-सहभाग

एड्स, क्षयरोग व हिवताप यांच्या मुकाबल्यासाठी जानेवारी 2002 मध्ये स्थापन झालेला ‘ग्लोबल फंड’ मराठीत सामान्यतः ‘जागतिक निधी’ या नावाने ओळखला जातो. त्याचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. या निधीकडे पैशाची मागणी करणे, आलेला पैसा राबवणे आणि त्यावर देखरेख ठेवणे या तिन्ही टप्प्यांत रोगबाधित व्यक्ती, संसर्गाचा अधिक धोका असलेले गट आणि बिगरसरकारी संस्था यांना नियमाने दिलेले स्थान, हा या नोंदीचा विषय आहे.

उगम : या तत्त्वाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. पहिले मत त्याचा धागा 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याशी जोडते. आरोग्यसेवेच्या नियोजनात व अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे त्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. त्यामागे निरनिराळ्या देशांतील ग्रामीण प्रयोगांचा अनुभव होता. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात रजनीकांत व मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेला जामखेडचा प्रकल्प त्यांपैकी एक होय. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये काढलेल्या अशा प्रयोगांच्या संकलनात त्याचा समावेश होता. दुसरे मत एचआयव्हीबाधितांच्या चळवळीकडे बोट दाखवते : निर्णयांत आपला सहभाग मागणारी एड्सग्रस्तांची 1983 ची डेन्व्हर तत्त्वे आणि 1 डिसेंबर 1994 रोजी पॅरिसच्या एड्स परिषदेत 42 देशांनी मान्य केलेले बाधितांच्या अधिक सहभागाचे तत्त्व. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अल्मा-आटातील सहभाग हा गावाने आपली आरोग्यसेवा चालवण्याचा आहे. पैशाचे वाटप जिथे ठरते त्या बैठकीत बाधिताने स्वतः बसावे, ही मागणी त्यात नाही. तरी हिवतापाच्या कार्यक्रमांतील गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांचे मूळ पहिल्याच परंपरेत सापडते.

रचना : निधीच्या नियामक मंडळावर 20 मतदार सदस्य आहेत. त्यांपैकी तीन जागा विकसित देशांतील संस्था, विकसनशील देशांतील संस्था आणि रोगबाधित समुदाय यांच्या आहेत. समुदायाच्या प्रतिनिधीला आरंभी मताधिकार नव्हता. तो साधारणतः 2004 च्या सुमारास मिळाला. देशपातळीवर ‘कंट्री कोऑर्डिनेटिंग मेकॅनिझम’ म्हणजे सीसीएम ही समिती असते. ती पात्र ठरण्यासाठी सहा अटी आहेत. मागणीपत्र खुल्या, लेखी नोंद ठेवलेल्या प्रक्रियेने तयार करणे आणि मुख्य अनुदानग्राही (पीआर), म्हणजे निधीकडून थेट पैसा घेणारी संस्था, पारदर्शकपणे निवडणे या पहिल्या दोन अटी मागणीपत्रासोबत तपासल्या जातात. देखरेखीचा आराखडा, बाधित व जोखमीच्या गटांचे प्रतिनिधित्व, बिगरसरकारी सदस्यांची त्यांच्याच गटांकडून निवड आणि हितसंबंधांच्या संघर्षाबाबतचे धोरण या उरलेल्या चार अटींची तपासणी पुढेही चालू राहते. किमान 40 टक्के सदस्य देशांतर्गत नागरी क्षेत्रातील असावेत, अशी अपेक्षा आहे.

समिती अडून बसली तर काय, याचे उत्तर 2003 च्या तिसऱ्या फेरीत मिळाले (त्या काळी निधी फेऱ्याफेऱ्यांनी अर्ज मागवत असे). अमली पदार्थांविरुद्ध सरकारी मोहीम ऐन भरात असताना थायलंडमधील अमली पदार्थ वापरणाऱ्यांच्या जाळ्याने समितीला वगळून थेट अर्ज केला आणि तो मंजूर झाला. रशियातही त्याच फेरीत संस्थांच्या गटाचा अर्ज मान्य झाला. हे मार्ग अपवादाचेच राहिले. पुढे आठव्या फेरीपासून (2008) प्रत्येक मागणीत सरकारी व बिगरसरकारी असे दोन्ही प्रकारचे पीआर असावेत, नसल्यास कारण द्यावे, अशी द्विमार्गी पद्धत आली.

कार्यपद्धती : फेऱ्यांची पद्धत 2011 मध्ये अकरावी फेरी रद्द झाल्यावर संपली. आता देशाला आधी वाटपाचे पत्र येते. त्यात रक्कम व कालावधी ठरलेला असतो. मग देशांतर्गत चर्चा, मागणीपत्र, स्वतंत्र तांत्रिक मंडळाची तपासणी, अनुदानाची बोलणी आणि मंजुरी असा क्रम लागतो. अनुदान सामान्यतः तीन वर्षांचे असते. 2023 पासूनच्या वाटपचक्रात समुदायांच्या जास्तीत जास्त 20 अग्रक्रमांचे परिशिष्ट मागणीपत्रासोबत जोडावे लागते, मग ते अग्रक्रम मूळ मागणीत आलेले असोत वा नसोत. वगळलेल्या मागण्या त्यामुळे निदान कागदावर दिसू लागल्या.

सहभागाची खरी कसोटी मात्र बोलणीच्या टप्प्यात लागते. तेथे पीआर आणि निधीचे सचिवालय सविस्तर अंदाजपत्रक व निर्देशांक ठरवतात. समुदायाचे प्रतिनिधी बहुधा बाहेर असतात. औषधे, चाचणीसंच व पगार यांचे आकडे आधीच बांधलेले असल्याने कपात आली की कायदेशीर मदत, समुदायाची स्वतःची देखरेख, गटबांधणी असे मथळे प्रथम गळतात आणि ‘दर्जेदार पण निधी नसलेल्या’ मागण्यांच्या यादीत जाऊन पडतात. कार्यकर्त्यांची संख्या, दरमहा मानधन, प्रवास, प्रशिक्षणाचे दिवस असा एकक-खर्च मांडलेली मागणी त्यामानाने टिकते. ‘सक्षमीकरण’ एवढेच लिहिलेली टिकत नाही. दुसरी अडचण वेळेची : वाटपाचे पत्र व अर्जाची मुदत यांत काही महिनेच असतात, मसुदे इंग्रजीत फिरतात, आणि प्रतिनिधीला आपल्या गटाशी बोलायला प्रवासखर्च नसतो. समितीच्या खर्चापैकी किमान 15 टक्के रक्कम बिगरसरकारी गटांच्या संपर्कासाठी राखण्याचा नियम यासाठीच आहे. तिसरी अडचण, प्रतिनिधीचीच संस्था उपअनुदानग्राही (एसआर), म्हणजे पीआरकडून पैसा घेणारी, असणे. अशा सदस्याने निर्णयाच्या वेळी बाहेर जायचे असते; लहान समित्यांत मग गणसंख्येचाच प्रश्न उभा राहतो. पैसा पीआर, एसआर, एसएसआर (एसआरच्या हाताखालची संस्था) असा उतरत असल्याने वरचा एक हिशेब अडला की तळच्या संस्थेचे मानधन थकते. तिच्याकडे राखीव रक्कम क्वचितच असते.

भारत : भारतात पीआर म्हणून केंद्रीय खात्यांबरोबर बिगरसरकारी संस्थाही आल्या. सातव्या फेरीत समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था पीआर होती. विद्यापीठीय दर्जाची ही संस्था बिगरसरकारी रकान्यात मोजली गेली, यावरून तो रकाना किती सैल आहे ते कळते. नवव्या फेरीतील ‘पहचान’ हा कार्यक्रम (2010 पासून) इंडिया एचआयव्ही/एड्स अलायन्सने 17 राज्यांत चालवला. पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी व हिजडा समुदायांच्या सुमारे 200 संस्था उभारणे वा बळकट करणे हा त्याचा हेतू होता. मुंबईचा हमसफर ट्रस्ट त्यात एसआर होता. नोंदणी, हिशेब व कार्यालय उभे राहिल्यावर या संस्थांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ‘टीआय’ (जोखमीच्या गटांसाठीच्या लक्ष्यित हस्तक्षेपाची) कंत्राटे घेता यावीत, अशी योजना होती. क्षयरोगासाठी ‘अक्षया’ प्रकल्प 2010 मध्येच सुरू झाला. महाराष्ट्रात 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली चाललेली लोकाधारित देखरेख व जनसुनवाई यांची निधीच्या या कार्यक्रमांशी अनेकदा गल्लत केली जाते. तिचा पैसा सरकारी होता आणि विषय सर्वसाधारण आरोग्यसेवेचा.

हिवतापाच्या बाबतीत समुदाय-प्रतिनिधित्व सर्वांत दुबळे आहे. हा आजार काही दिवसांत बरा होतो. त्यामुळे एचआयव्हीप्रमाणे बाधितांची कायम संघटना उभी राहत नाही आणि समितीवरील बाधितांची जागा बहुधा एखादी सेवा देणारी संस्थाच भरते.