अंदमानातली दोन मोठी कबुतरं कशी ओळखाल?

सेल्युलर जेल बघायला अंदमानात जाणाऱ्या मराठी माणसांच्या गळ्यात हल्ली दुर्बीणही दिसते. चिडियाटापूच्या जंगलात फिकट डोक्याचं, गडद पाठीचं मोठं कबूतर दिसलं की आपण ‘ग्रीन इम्पीरियल पिजन’ म्हणून मोकळे होतो. सिंधुदुर्ग-गोव्याकडे ते पाहिलेलं असतं ना! पण ते अंदमान वुड पिजनही असू शकतं. ग्रीन इम्पीरियल भारतापासून इंडोनेशियापर्यंत पसरलेलं आहे. वुड पिजन मात्र अंदमान-निकोबार सोडून जगात कुठेच नाही, आणि तिथेही ते सहसा दाट सदाहरित जंगल सोडत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते संकटसमीप आहे. म्हणून नोंद करण्याआधी पुन्हा एकदा नीट बघाच.

पाठीच्या रंगावर अजिबात विसंबू नका. इम्पीरियलची पाठ उन्हात हिरवीगार चमकते, पण झाडाच्या सावलीत काळी दिसते. उलट वुड पिजनच्या गडद करड्या पाठीवर ऊन पडलं की हिरवट झाक उमटते. बहुतेकांची फसगत इथेच होते.

चोच बघा. वुड पिजनची चोच मुळाशी तांबडी, टोकाला फिकट पिवळसर. डोळ्याभोवतीचं कडंही लालसर. इम्पीरियलची चोच राखाडी. पक्षी अगदी डोक्यावरच्या फांदीवर असेल, आणि बहुतेकदा तो तिथेच असतो, तर शेपटीच्या बुडाशी नजर टाका. इम्पीरियलची तिथली पिसं गडद तांबूस तपकिरी आणि पोट गुलाबीसर राखाडी असतं. वुड पिजन खालून सगळं करडं. तांबूस रंगाचा मागमूस नाही.

नाती वेगळी आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्याच ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली वुड पिजनचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचं नाव कोलंबा पालुम्बॉइडिस, म्हणजे ते आपल्या गच्चीवरच्या पारव्याचं जवळचं भावंड. इम्पीरियल ड्युक्युला गटातलं. जायफळाएवढी फळं अख्खी गिळायची आणि बिया लांब नेऊन टाकायच्या, ही या गटाची खासियत. फळं दोघंही खातात, त्यामुळे एकाच झाडावर दोन्ही दिसली तर नवल नाही.

निकोबारला गेलात तर शेपटीची खूण विसरा. तिथल्या निकोबार इम्पीरियल पिजनच्या शेपटीखाली तो ठळक तांबूस रंग नसतो. तिथे भरवसा चोचीवरच ठेवा.