काळी दोनचा भोंगा, पांढरी सहाचं इंजिन

जुनं डिझेल इंजिन थंड अवस्थेतून सुरू करायचं असलं की रेल्वेप्रेमी तासभर आधीच जागा धरतात. इंजिन कुठे जाणार नसतं, त्याला डबेही जोडलेले नसतात. तरीही माइकवर वारा अडवणाऱ्या केसाळ टोप्या चढतात आणि गप्पा थांबतात. आधी सगळ्या सिलिंडरांचे छोटे कॉक उघडून इंजिन नुसतंच फिरवतात. रात्रभरात एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी किंवा तेल झिरपलेलं असलं, तर ते कॉकमधून फुर्रकन बाहेर उडतं. ही खबरदारी महत्त्वाची असते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं आणि पिस्टन वर आला, तर वाकतो तो पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड. मग कॉक बंद होतात, बॅटऱ्यांचा प्रवाह सोडला जातो, आणि एरवी वीज निर्माण करणारा मुख्य जनरेटर उलटा मोटरसारखा वापरून इंजिनाला गरागरा फिरवतात. एक सिलिंडर पेट घेतो, मग दुसरा. मधले काही रुसून बसतात. इंजिन लंगडत, खोकत वेग घेतं आणि धुराड्यातून पांढरा धूर निघतो.

माहीतगार माणूस या धुरावरूनही निदान करतो. पांढरा म्हणजे थंड सिलिंडरमध्ये न जळता बाहेर पडलेली डिझेलची वाफ, काळा म्हणजे काजळी आणि निळा म्हणजे वंगणाचं तेल जळतंय. पण जमलेल्यांचं निम्मं लक्ष धुराकडे असतं आणि उरलेलं सगळं कानाकडे.

या वेडाला स्मरणरंजन म्हणून सोडून देणं सोपं आहे. लहानपणी ऐकलेला आवाज माणसाला जन्मभर पुरतो हे खरंच. पण ब्रिटनमधली ‘डेल्टिक’ इंजिनं १९८२च्या जानेवारीत नियमित सेवेतून कायमची बाहेर पडली, आणि त्यानंतर जन्मलेली मुलंही आज जतन करून ठेवलेल्या डेल्टिकमागे कॅमेरे घेऊन धावतात. त्यांना कसली आठवण येणार? मला वाटतं, त्यांना आवडतं ते वेगळंच काही. जुन्या इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते बाहेर ऐकू येतं. नव्या इंजिनात ते झाकलेलं असतं.

अमेरिकेतल्या ‘अल्को’ कंपनीचं उदाहरण घेऊ. तिचं २५१ मालिकेचं सोळा सिलिंडरचं इंजिन अनेक देशांत पोचलं. १९६२ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या २६०० अश्वशक्तीच्या इंजिनाचं हृदयही तेच. हे चार स्ट्रोकचं इंजिन. म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी थांबलेली असताना इंजिनाचा वेग मिनिटाला ४०० फेऱ्या धरला, तर सोळा सिलिंडरांचे मिळून सेकंदाला ५३ स्फोट होतात. कानाला एवढे ठोके सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची घरघर होते. पण अल्कोचं इंजिन उभ्या जागी नुसतं घरघरत नाही, डुलत डुलत ठेक्यात बोलतं. तो ठेका येतो कुठून?

सोळा सिलिंडर कागदावर सारखे असले तरी प्रत्यक्षात नसतात. एकाचं इंजेक्टर थोडं जास्त फवारतं, दुसऱ्याची झडप किंचित सैल असते, कोणाच्या एक्झॉस्टला टर्बोचार्जरपर्यंत, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, लांबची वाट असते. म्हणून सोळा ठोक्यांत काही जड, काही हलके पडतात, आणि हा सगळा नमुना दर दोन फेऱ्यांनी जसाच्या तसा परत येतो. ४०० फेऱ्यांच्या हिशेबाने सेकंदाला तीनहून थोडा जास्त वेळा. एवढा ठेका कान सहज पकडतो. म्हणजे ज्या लयीवर लोक फिदा आहेत, ती सिलिंडरांमधल्या असमानतेची लय आहे. सगळे सोळा तंतोतंत सारखे पेटले असते तर ठेका उरलाच नसता. जुने फिटर नुसतं ऐकून कोणता सिलिंडर दांडी मारतोय ते हेरायचे, ते याच जोरावर.

अल्कोचा काळा धूरही असाच बोलका. चालकाने नॉच, म्हणजे जोर वाढवणाऱ्या दांड्याची पायरी, वाढवला की इंधन ताबडतोब वाढतं, पण टर्बोचार्जर फिरतो तो बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर, आणि त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी मात्र हाती घेतली नाही, तर जे होतं तेच इथे होतं. मग टर्बोची शिट्टी चढत जाते आणि धूर विरतो. अमेरिकन शौकीन अल्कोला ‘मानद वाफेचं इंजिन’ म्हणतात ते या धुरामुळेच. कंपनीने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. पण पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या आसपास डेलावेअर-लॅकवॉना या छोट्या रेल्वेने अल्कोच्या इंजिनांकडून मालगाड्या ओढून घेणं पुढेही चालू ठेवलं, आणि ती जागा शौकिनांची पंढरी झाली.

अल्कोची प्रतिस्पर्धी ‘ईएमडी’ दोन स्ट्रोकवाली. तिच्या इंजिनांची नावंच एका सिलिंडरच्या आकारमानावरून पडली: १९३८ चं ५६७ म्हणजे ५६७ घन इंच, पुढे ६४५, मग ७१०. दोन स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून सोळा सिलिंडर मिनिटाला ९०० फेऱ्यांवर सेकंदाला २४० ठोके देतात. अल्को पूर्ण वेगात, १००० फेऱ्यांवर असली तरी १३३ च देते. त्यामुळे ईएमडीचा आवाज भरीव, सलग गुंजणारा. तिच्या टर्बोवाल्या इंजिनांत आणखी एक खुबी आहे. कमी भार असताना टर्बो गिअरने इंजिनाशी जोडलेला राहतो, आणि एक्झॉस्टमध्ये पुरेसा जोर आला की क्लच त्याला मोकळा सोडतो. साहजिकच धूर कमी आणि शिट्टी पहिल्या नॉचपासून. कोण श्रेष्ठ, या वादात शिरू नये. दोन्हीकडचे लोक अतिशय चिवट आहेत.

आता डेल्टिक. नेपियर कंपनीने नौदलाच्या वेगवान बोटींसाठी बनवलेलं हे इंजिन त्रिकोणी आहे. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन क्रँकशाफ्ट, तीन बाजूंवर सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर येणारे दोन पिस्टन. अठरा सिलिंडर, छत्तीस पिस्टन. तिघांपैकी एक क्रँकशाफ्ट उलटा फिरतो. तो तसा फिरवल्याशिवाय पिस्टनांचं वेळापत्रक जमत नव्हतं. अशी दोन इंजिनं एका लोकोमोटिव्हमध्ये बसवून ३३०० अश्वशक्ती मिळाली. १९६१-६२ मध्ये अशी २२ लोकोमोटिव्हं ब्रिटिश रेल्वेत दाखल झाली.

दोन स्ट्रोक, अठरा सिलिंडर, १५०० फेऱ्या. गुणाकार केला की सेकंदाला ४५० ठोके येतात. पेटीवर हा सूर पांढरी सहाच्या किंचित वर लागतो. म्हणजे डेल्टिक पूर्ण जोरात असताना अक्षरशः गाते. त्यात इंजिनं दोन. त्यांच्या वेगात मिनिटाला फक्त दहा फेऱ्यांचा फरक पडला तर एकीचा सूर ४५०, दुसरीचा ४५३, आणि दोघांच्या मिश्रणातून सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि बसतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळत आल्या की जी लाट ऐकू येते, तिच्यामागचं भौतिकशास्त्र हेच.

ब्रिटिश शौकिनांनी तर इंजिनांची बारशीच कानाने केली. क्लास ४० टर्बोच्या तीक्ष्ण शिट्टीमुळे ‘व्हिसलर’ झाला. क्लास २० हेलिकॉप्टरसारखा फडफडतो, म्हणून तो ‘चॉपर’. क्लास ५० ला ‘हूवर’ म्हणतात, कारण आत येणारी हवा गाळणाऱ्या पंख्यांचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा यायचा. पुढे नूतनीकरणात ते पंखे काढून टाकले आणि आवाज गेला. नाव मात्र आजही चिकटून आहे.

इथवर बोललो ते सगळे आवाज कोणी मुद्दाम घडवले नव्हते. भोंग्याची गोष्ट निराळी, तो पहिल्यापासून माणसांच्या कानासाठीच बनवलेला.

सुरुवातीच्या अमेरिकन-कॅनेडियन डिझेलांवर एकसुरी भोंगे होते, ट्रकच्या हॉर्नसारखे. वाफेच्या शिट्टीला सरावलेल्या लोकांना फाटकाजवळ वाटायचं, मागून ट्रक येतोय. माणसं मागे बघत आणि गाडी बाजूने येई. अपघात झाले. कॅनडातल्या रॉबर्ट स्वान्सन यांनी हा प्रश्न हाती घेतला. हा गृहस्थ अभियंता आणि शिवाय लाकूडतोड्यांच्या जीवनावर कविता करणारा कवी. वाफेची शिट्टी अनेक सुरांची असते आणि तिची ओळख त्या स्वरमेळात आहे, हे हेरून त्यांनी १९४९ मध्ये ‘एअरचाइम’ कंपनी काढली आणि पाच-सहा सुरांचे भोंगे बनवले. कॅनडाच्या राष्ट्रगीताचे पहिले चार सूर व्हँकूव्हर शहरावर रोज दुपारी वाजवणारे दहा भोंगे, तेही त्यांचेच.

भोंग्याची रचना तशी साधी आहे. मागे एक गोल धातूचा पडदा, तो एका नळीच्या तोंडावर घट्ट टेकलेला. ब्रेकसाठी साठवलेल्या दाबाच्या हवेतली थोडी पडद्यामागे सोडली की पडदा उचलला जातो आणि फटीतून हवा कर्ण्यात निसटते. हवा निसटली की दाब उतरतो, पडदा फटकन परत बसतो, आणि पुन्हा दाब चढतो. सेकंदाला शेकडो वेळा ही उघडझाप होते. किती वेळा, ते प्रामुख्याने ठरवतो समोरचा कर्णा. लांब कर्ण्याचा सूर खालचा, आखूड कर्ण्याचा वरचा.

अमेरिकेत सर्वांत परिचित झालेला के५एलए हा पाच कर्ण्यांचा भोंगा १९७०च्या दशकात अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेसाठी जुळवला गेला. त्याचे सूर असे: काळी दोन, काळी तीन, काळी चार, पांढरी सात आणि वरची काळी दोन. वारंवारता सेकंदाला ३११, ३७०, ४१५, ४९४ आणि ६२२ कंपनं. पांढरी सातला षड्ज मानलं तर हे होतात ग, प, ध, सा आणि पुन्हा ग. भूपातला रिषभ तेवढा वगळला आणि बाकीचे सगळे एकदम वाजवले, की अमेरिकन रेल्वे फाटक. गोडवा हा इथे जोडउद्देश म्हणायचा. मूळ उद्देश असा की पाच सूर आणि त्यांचे वरचे स्वरांश मिळून मोठा पट्टा व्यापतात. खालचे सूर हवेत कमी शोषले जातात म्हणून लांब जातात, वरचे स्वरांश कान जिथे सर्वांत तल्लख असतो तिथे पोचतात. अमेरिकी नियमानुसार इंजिनासमोर १०० फुटांवर भोंगा ९६ ते ११० डेसिबलच्या दरम्यान असावा लागतो, आणि फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब असाच वाजवावा लागतो.

कारखान्यातून एकाच सुरावर निघालेले भोंगे वापरात मात्र वेगळे होत जातात. कर्ण्यात काजळी बसते, पडदा झिजतो, हवेची एखादी वाट अर्धी तुंबते. पाचातला एक सूर बसका होतो किंवा उशिरा उठतो. तेवढ्यावरून गाडी दिसण्याआधी इंजिनाचा क्रमांक सांगणारे लोक आहेत, आणि ते थापा मारत नसतात. थंडीतही भोंगा उतरतो. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर उणे २० ला सुमारे ३१९. कर्णा तेवढाच लांब राहिल्याने सगळे सूर ढोबळमानाने पेटीवरच्या एका पट्टीहून थोडे जास्तच खाली येतात. रात्री जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असली, की वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. दिवसा ऐकू न येणारी गाडी मध्यरात्री ऐकू येते, त्याला शांततेइतकंच हेही कारण आहे.

नव्या इंजिनांवर रुसायचं कारण नाही. संगणकाने मोजून दिलेलं इंधन, सायलेन्सर, अमेरिकेत २०१५ पासून लागू झालेले उत्सर्जनाचे कडक नियम, यांमुळे काजळी गेली आणि रुळांशेजारी राहणाऱ्यांची फुप्फुसं वाचली. विजेवर चालणाऱ्या ‘टॉरस’ या सीमेन्स इंजिनाने तर वेगळाच शौकीनवर्ग तयार केला. मोटरांना वीज पुरवणाऱ्या त्याच्या इन्व्हर्टरची वारंवारता पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, त्यामुळे निघताना ते सरगमेसारखे सूर काढतं.

शेवटी, भोंगेवाल्यांचा एक हिशेब. डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेला परिणाम सर्वांना ठाऊक आहे: येणाऱ्या गाडीचा सूर चढा, जाणाऱ्या गाडीचा उतरलेला. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट यांनी तो तपासला, तोही रेल्वेवरच. गाडीत तुतारीवादक बसवले आणि रुळांशेजारी सुरांचा कान असलेले लोक उभे केले. स्वरमेळी भोंग्याच्या बाबतीत गंमत अशी की पाचही सूर एकाच प्रमाणात उतरतात. नुसती पट्टी बदलते, सुरांचं आपसातलं नातं जराही बिघडत नाही. म्हणून बिनचूक मोजताही येतं. फोनवर ट्यूनर लावून गाडी येतानाचा आणि गेल्यानंतरचा सूर टिपायचा. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून जितक्या पट्ट्या सूर उतरला, त्याला ३५ ने गुणायचं, की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. तीन पट्ट्या उतरला तर १०५ च्या आसपास. अट एवढीच, की समोरून जाताना चालकाने भोंग्यावरचा हात काढलेला नसावा, आणि मोजणाऱ्याने रुळांपासून लांब उभं राहावं.