रानटी घोडा नेमका कोणता?

अमेरिकेच्या पश्चिम भागात मोकळे उधळणारे मस्टँग पाहिले की अस्सल रानटी घोडा तो हाच, असं वाटतं. खरं तर ते पाळीव घोड्यांचेच वंशज, पुन्हा रानवट झालेले. मस्टँग हा शब्दच मुळी स्पॅनिशमधून आला. त्याचा अर्थ भटकं, मालक नसलेलं जनावर. ऑस्ट्रेलियातल्या ब्रंबी या मोकळ्या घोड्यांची गोष्टही तीच. १७८८ मध्ये इंग्रजांची जहाजं लागेपर्यंत त्या खंडावर घोडा नव्हताच.

गंमत अशी की घोड्याचं कूळ मूळचं उत्तर अमेरिकेचं. साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा त्याचा पूर्वज कुत्र्याएवढा होता आणि त्याच्या पायांना खुराऐवजी बोटं होती. पुढे हा वंश आशियात पसरला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी अमेरिकेतून मात्र नाहीसा झाला. हवामान बदललं म्हणून की माणसाने शिकार केली म्हणून, हा वाद अजून चालू आहे. तो माहेरी परतला तो तोंडात लगाम घेऊनच: १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर, आणि १५१९ मध्ये कोर्तेस या स्पॅनिश सेनानीच्या फौजेबरोबर मेक्सिकोत.

घोडा माणसाळला कुठे, असं विचारलं की बराच काळ कझाकस्तानातल्या बोताई या साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं नाव सांगितलं जायचं. तिथल्या मडक्यांत घोडीच्या दुधाचे अंशही सापडले होते. पण आजचे पाळीव घोडे बोताईचे वंशज नाहीत, असं जनुकीय तपासणीत निघालं. २०२१ मधल्या अभ्यासाने त्यांचं मूळ रशियातल्या व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या परिसरातल्या गवताळ प्रदेशात शोधलं. इ.स.पू. २२००च्या सुमारास तिथून हा वाण झपाट्याने पसरला. मजबूत पाठ आणि शांत स्वभाव यांच्याशी संबंधित जनुकं त्यात निवडली गेलेली दिसतात. म्हणजे जो पाठीवर बसू देई, त्याचाच वंश वाढला.

मग कोणाच्या नशिबी काय येईल ते अंगकाठीवर आणि मालकावर ठरू लागलं. मंगोलियात घोडे आजही बराच काळ मोकळे चरतात. लागेल तेव्हा त्यांना पकडून आणतात. ब्रिटनमध्ये १८४२च्या कायद्याने बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांना खाणीत उतरवायला बंदी आली, आणि कोळसा ओढायला तट्टांची मागणी वाढली. खोल खाणींत त्यांचे तबेलेही जमिनीखालीच असत. कित्येक तट्टं वर्षानुवर्षं वर आलीच नाहीत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोडे, खेचरं आणि गाढवांचा आकडा सुमारे ८० लाख सांगतात. त्यातली पुष्कळशी गोळीने नव्हे, थंडीने, उपासमारीने आणि रोगांनी गेली.

ऐषआरामातल्या घोड्याचंही सगळं आलबेल नसतं. मोकळ्या कळपात एक नर, काही घोड्या आणि शिंगरं असतात. नर शिंगरं दोन-तीन वर्षांची झाली की बाहेर पडून आपली टोळी करतात. दिवसातले पंधरा-सोळा तास चरण्यात जातात. जठर लहान, त्यामुळे थोडं थोडं सतत खाणं हाच त्याचा धर्म. पागेत त्याला ठरल्या वेळी चंदी मिळते आणि उरलेला दिवस एकट्याने भिंतीकडे बघण्यात जातो. मग तो लाकूड चावत बसतो, जागच्या जागी डुलतो. आपण त्याला 'खोड' म्हणतो. मला ती तक्रार वाटते. पोटशूळ तर नेहमीचाच, आणि घोड्याला उलटी होत नसल्याने तो जिवावर बेततो.

रानटी म्हणावा असा उरला एकच, मंगोलियाचा ताखी. पाळीव घोड्यात ६४ गुणसूत्रं, याच्यात ६६. रानात तो शेवटचा १९६९ मध्ये दिसला. प्राणिसंग्रहालयांत जगलेल्या डझनभर पूर्वजांपासून वंश वाढवून १९९२ पासून त्याला मंगोलियात पुन्हा सोडलं गेलं. २०१८ च्या एका अभ्यासाने मात्र हा ताखी बोताईच्या घोड्यांचा वंशज ठरवला. बोताईचे घोडे खरोखर पाळलेले होते का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. तोवर ताखीचं रानटीपणही अधांतरीच. इकडे कुरणात गुराख्यांच्या घोड्यांशी त्याचा संकर होतो, ६५ गुणसूत्रांची शिंगरं जन्मतात आणि पुढे तीही वितात. म्हणून ताखी राखणाऱ्यांना लांडग्याइतकंच लक्ष पाळीव घोड्यांवर ठेवावं लागतं.