सीपीएल की एनडी? दोन्ही काळेच, पण काम वेगळं

सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) आणि एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) हे कॅमेऱ्याचे दोन फिल्टर. दोन्ही काचा काळपट, दोन्ही लेन्सपुढे आट्यांवर बसतात, त्यामुळे नवीन माणसाचा गोंधळ होतोच. माझाही झालाय, धबधब्यावर एनडी समजून सीपीएल लावला आणि पाणी काही दुधासारखं होईना म्हणून मी शटरलाच शिव्या घालत बसलो.

एनडी फक्त उजेड कमी करतो, सगळा सारखाच. एनडी 8 म्हणजे 3 स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एनडी 64 म्हणजे 6, आणि एनडी 1000 म्हणजे जवळपास 10 स्टॉप, म्हणजे 1/125 सेकंदाचं शटर थेट 8 सेकंदांवर जातं. मग ट्रायपॉड आलाच, आणि फोकस फिल्टर लावायच्या आधी करून मॅन्युअलवर टाकायचा, कारण एवढ्या काळ्या काचेतून कॅमेऱ्याला काही दिसेलच असं नाही.

सीपीएलचा स्वभाव वेगळा, तो निवडून अडवतो. पाणी, काच, ओली पानं यांच्यावरून येणारी चमक बऱ्यापैकी पोलराइज्ड (म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश) असते, रिंग फिरवली की ती मरते आणि तळातले दगड दिसायला लागतात. धातूवरची चमक मात्र सहसा जात नाही, तिथे उगाच फिरवत बसू नका. आकाश सगळ्यात गडद होतं ते सूर्य डाव्या-उजव्या खांद्याकडे असताना, पण फार वाइड लेन्स असेल तर अर्धं आकाश गडद आणि अर्धं फिकं येतं, ते फार घाण दिसतं. दीड-दोन स्टॉप उजेड हाही खातो, म्हणून अडीअडचणीला हलका एनडी म्हणून चालतो. उलटं मात्र जमत नाही. आणि लांब एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो) दहा फोटो एकावर एक रचून नंतर बनवता येतं, पण चमकेखाली जे कॅमेऱ्याला दिसलंच नाही ते एडिटिंगमध्ये आणणार कुठून?

गोंधळ वाढवतो तो व्हेरिएबल एनडी, त्यालाही फिरणारी रिंग असते (आत दोन पोलरायझरच असतात, म्हणून जास्त पिळला की फोटोत काळी फुली येते). ओळखायचं सोपं आहे, साध्या पांढऱ्या कागदाकडे बघत रिंग फिरवा, काळोख कमी-जास्त झाला तर व्हेरिएबल एनडी, काहीच बदललं नाही तर सीपीएल.

पुसताना दोघांनाही आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर, आणि लिक्विड कापडावर, काचेवर नाही. सीपीएलच्या बाबतीत तर हे जास्तच पाळा, दोन काचांमधे पातळ फिल्म असते, कडेने ओल शिरली किंवा उन्हात तापलेल्या गाडीत राहिला की ती बिघडते. रिंग नेहमी फिल्टर घट्ट होण्याच्या दिशेने फिरवा, उलट फिरवत राहिलात तर हळूहळू सुटून खाली पडेल. आणि अडकलाच, तर चिमटीत दाबून पिळू नका, दाबल्याने रिंग वाकते आणि अजून घट्ट बसते, कडेला रुंद रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा.