कान्हेरीचे पाहुणे, घारापुरीची वीज

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जाणारे बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह पाहून समाधानाने परत फिरतात. वरच्या अंगाला असलेल्या ९० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत पोचणारे थोडेच. या शहरात पाहुणे कधीपासून येतात हे ज्याला जाणून घ्यायचं असेल, त्याने मात्र तेवढा चढ चढावा. तिथल्या दगडावर पहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये काही झरथुष्ट्री मंडळी इथे आली होती. त्यांनी आपली नावं, वडिलांची नावं आणि आल्याची तारीख कोरून ठेवली. लेणी बौद्धांची, पाहायला आलेले पारशी, आणि खाली उत्तर कोकणात राज्य शिलाहारांचं. त्या लेखांत दान दिल्याचा उल्लेख नाही, की कुणाला काही पटवण्याचा प्रयत्न नाही. अमुक दिवशी अमुक माणसं इथे आली होती, एवढंच. हजार वर्षांनंतरही ते वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

दरवर्षी २७ सप्टेंबरला जागतिक पर्यटन दिन येतो. १९७० साली याच तारखेला जागतिक पर्यटन संघटनेची घटना संमत झाली आणि १९८० पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. त्याच्याही आधी, १९६७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून जाहीर केलं होतं आणि पर्यटन हा शांततेचा पासपोर्ट आहे असं त्याचं घोषवाक्य होतं. २०२४ च्या पर्यटन दिनाचा विषयही ‘पर्यटन आणि शांतता’ हाच होता. या दिवशीच्या भाषणांत दोन गोष्टी हमखास जोडीने येतात: पर्यटनामुळे माणसं एकमेकांना ओळखतात, आणि पर्यटनामुळे देशाच्या तिजोरीत पैसा येतो. दोन्ही खरं आहे. पण मुंबईपुरतं पाहिलं तर या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी आल्या. पैशाची वाट बंदरावरच्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून आली, ओळखीची वाट बरीचशी चाळींतून आणि रेल्वेच्या डब्यांतून.

पर्यटन हा शब्द रुळण्याआधी आपल्याकडे यात्रा होती. बाणगंगेच्या काठी वाळकेश्वरला धर्मशाळा होत्या. आणि समुद्रमार्गे सर्वांत मोठी ये-जा होती ती हजची. देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू मुंबईत येत, मुसाफिरखान्यांत बोटीची वाट पाहत आणि जेद्दाला रवाना होत. या प्रवासातले हाल इतके वाढले होते की १८८६ मध्ये सरकारने थॉमस कुक कंपनीला हज यात्रेकरूंसाठी एजंट नेमलं. युरोपात सहलींचा धंदा उभा करणारी कंपनी मुंबईत यात्रेकरूंच्या तिकिटांचं पाहत होती, ही नोंद आपल्या पर्यटनाच्या इतिहासात ठळकपणे यायला हवी. मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी थेट १९९५ पर्यंत सुटत होत्या.

गोऱ्या प्रवाशांसाठी हिंदुस्थान जवळ आला तो १८६९ नंतर, सुएझचा कालवा उघडल्यावर. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली होती. १८६३ मध्ये ती भोर घाट चढली आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता जोडली गेली. म्हणजे बोटीतून मुंबईला उतरायचं, गाडीत बसायचं आणि ठरलेल्या दिवसांत आग्रा, बनारस पाहून परत यायचं, हे पहिल्यांदाच शक्य झालं. थॉमस कुक स्वतः १८७२-७३ च्या जगप्रवासात हिंदुस्थानात येऊन गेला आणि १८८१ मध्ये त्याच्या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झालं, १९२४ मध्ये गेटवेचं बांधकाम पुरं झालं. शहराला दर्शनी दार मिळालं.

त्या काळातली ओळख मात्र वरवरची होती. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा त्याच्यासाठी घारापुरीच्या लेण्यात मेजवानी मांडली होती. महेशमूर्तीच्या साक्षीने साहेब जेवले. त्याच्याही अकरा वर्षं आधी, १८६४ मध्ये, ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं, तो हत्ती उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे सांधले गेले आणि आज तो हत्ती राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. मुलांना घेऊन पेंग्विन बघायला जाणाऱ्यांनी दोन मिनिटं त्याच्यासमोर थांबावं. पाहायला येणं आणि उचलून न्यायला येणं यांतला फरक तो हत्ती फार नीट सांगतो.

स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकारी पातळीवर विचार सुरू झाला. १९४५ मध्ये सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून १९४९ मध्ये परिवहन मंत्रालयात पर्यटनासाठी वेगळी शाखा उघडली. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांचा झुकून स्वागत करणारा महाराजा, म्हणजे एअर इंडियाच्या जाहिरातींतलं ते मिशीवालं चित्र, १९४६ मध्येच जन्मला होता. तरीही १९५१ मध्ये देशात आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या होती फक्त १६,८२९.

सरकारला एवढी निकड का वाटली? कारण परकीय चलन. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीलाच देशाची गंगाजळी आटली होती. यंत्रं, तेल, धान्य, सगळ्यासाठी डॉलर लागत होते. परदेशी पाहुणा इथे येऊन राहतो, जेवतो, टॅक्सीने फिरतो, पैठणी विकत घेतो, आणि त्याने खर्च केलेला प्रत्येक डॉलर निर्यातीसारखाच देशाला मिळतो, मालाची पेटी बोटीवर न चढवता. म्हणून १९५८ मध्ये स्वतंत्र पर्यटन विभाग झाला आणि १९६६ मध्ये भारत पर्यटन विकास महामंडळ. याच चणचणीमुळे आपल्या माणसांना मात्र परदेशी जाताना मोजून ८ डॉलर खिशात घालून निघावं लागे. बाहेरच्यांना या म्हणायचं आणि घरच्यांना थांबा म्हणायचं, असा तो काळ होता.

पण त्याच काळात एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल पर्यटनाच्या पुस्तकी इतिहासात फारसं बोललं जात नाही. १९५६ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळाली. मुंबईच्या भाषेत, एलटीसी. आधी गावी जाण्यापुरती, पुढे देशात कुठेही जाण्याची मुभा देणारी. बँका आणि सरकारी उपक्रमांतही अशी सोय आली आणि गिरगाव, परळ, दादरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनाने रामेश्वर पाहिलं, काश्मीर पाहिलं, कोणार्क पाहिलं. ज्याच्या आज्याला काशी घडली नव्हती, तो बायकोमुलांसह गंगेत उभा राहिला.

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. वडील केंद्र सरकारी नोकरीत. एलटीसीच्या वर्षी दिवाळीआधीपासून तयारी सुरू व्हायची. होल्डॉल उन्हात टाकायचा, फिरकीच्या तांब्याचा आटा बसतो की नाही ते बघायचं, दशम्या आणि तिळाची चटणी डब्यात भरायची. सत्तरच्या दशकात असेच आम्ही मद्रास मेलने निघालो. समोरच्या बाकावर एक तमिळ कुटुंब होतं. त्या बाईंना मराठी येत नव्हतं, आईला तमिळ येत नव्हतं, आणि दोघींचं हिंदी सारखंच मोडकं. रेणिगुंटा येईपर्यंत त्या बाईंनी आमच्या दशम्या खाल्ल्या होत्या, आम्ही त्यांचा दहीभात खाल्ला होता, आणि आई वहीत काहीतरी लिहून घेत होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. गोड्या मसाल्याच्या प्रमाणाखाली आईच्या अक्षरात मथळा आहे, ‘मद्रास मेलच्या बाईंची रसमची पूड’, आणि पुढे धणे, तूरडाळ, मिरी, सुक्या मिरच्या वाट्यांच्या हिशेबात. आमच्या घरी रसम अजून त्याच प्रमाणाने होतं. साठच्या दशकात याच मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध काय वातावरण तापलं होतं ते आठवलं, की त्या पानाची किंमत मला जास्त कळते.

उलट दिशेची वाहतूकही होती. मे महिन्यात गावाकडचे नातेवाईक जिवाची मुंबई करायला यायचे. चाळीतल्या खोलीत आठ-दहा माणसं झोपायची, पुरुष गॅलरीत. मग एक दिवस राणीची बाग, एक दिवस गेटवे, एक दिवस तारापोरवाला मत्स्यालय आणि चौपाटीची भेळ, एक दिवस म्हातारीचा बूट आणि त्याच्यासमोरचं हँगिंग गार्डन. मत्स्यालय १९५१ चं, बूट असलेली कमला नेहरू बाग १९५२ ची, म्हणजे हे ‘मुंबई दर्शन’ एका पिढीच्या डोळ्यांदेखत तयार झालं. हॉटेलचं बिल नाही, म्हणून या पाहुणचाराची कुठल्याच आकड्यात नोंद नाही. पण बसवाल्याला, भेळवाल्याला, फोटो काढणाऱ्याला, लालबाग-दादरच्या कापड दुकानदाराला त्यांच्यामुळे चार पैसे मिळत होते. अंतर्गत पर्यटन म्हणून आज ज्याचा गौरव होतो, ते आपल्या मावश्याकाकूंनी स्टोव्हवर स्वयंपाक करून कित्येक वर्षं चालवलं होतं.

या दोन्ही सवयींवर पुढचा व्यवसाय उभा राहिला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झालं. १९८४ मध्ये मुंबईत ‘केसरी’ ही सहल कंपनी सुरू झाली, २०१३ मध्ये ‘वीणा वर्ल्ड’. मराठी टूर मॅनेजर आणि सहलीत मिळणारं आपलं जेवण यांच्या भरवशावर मध्यमवर्ग आधी उत्तरेत आणि मग युरोपात गेला. आल्प्समध्ये जाऊन श्रीखंड-पुरी कशाला, असं कोणी हिणवलं की मला वाईट वाटतं. साठीच्या बाईला पहिल्यांदा घर सोडून निघताना एक ओळखीचा घास लागतो. तो मिळाला म्हणून ती निघाली, आणि निघाली म्हणून तिने जग पाहिलं. केवळ बायकांसाठीच्या सहली सुरू झाल्या तेव्हा तर कित्येकींनी नवरा, मुलं, सासूसासरे यांतलं कुणीच बरोबर नसताना आयुष्यात पहिल्यांदा प्रवास केला.

देशाच्या पातळीवर पहिलं पर्यटन धोरण १९८२ चं. १९९१ च्या आर्थिक संकटात सोनं गहाण पडलं, त्यानंतर परदेशी गुंतवणुकीसाठी पर्यटन हे प्राधान्याचं क्षेत्र ठरलं. २००२ मध्ये ‘अतुल्य भारत’ मोहीम आली. २००८ च्या २६ नोव्हेंबरने मुंबईच्या दर्शनी दारावरच घाव घातला. ताजची जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली, तेव्हा समोरच्या कट्ट्यावर उभ्या असलेल्या मुंबईकरांचेही डोळे भरून आले होते. २०१९ मध्ये देशात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. २०२० मध्ये तो आकडा सुमारे २७ लाखांवर कोसळला.

दरम्यान मुंबईला तीन जागतिक वारसास्थळं मिळाली: १९८७ मध्ये घारापुरी, २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या आणि मरीन ड्राइव्हच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती, एकूण ९४. टर्मिनसमधून रोज लाखो माणसं कामाला जातात, आर्ट डेको इमारतींच्या बाल्कन्यांत कपडे वाळत असतात. इथला वारसा वापरातला आहे आणि परदेशी पाहुण्याला त्याचंच अप्रूप वाटतं.

घारापुरीची गोष्ट मात्र मला सलते. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ. रोज लाँच भरभरून माणसं गेटवेहून तासाभरात तिथे पोचतात. पण शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या बेटावरच्या तीन गावांना नियमित वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर. तोवर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा आणि मग अंधार. समोर दक्षिण मुंबईचा झगमगाट दिसत असताना. जग जिथे येऊन भारावून जातं तिथल्या पोरांनी कंदिलात अभ्यास करावा, यात पर्यटनाचा अर्धाच अर्थ आपल्याला कळला होता असं मी म्हणेन.

वीज आल्यानंतरच्या हिवाळ्यात मी गेले होते. धक्क्यापासून लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्र्यांखाली दुकानं आहेत. एका मावशींकडे काकड्या, चिंचा, बोरं आणि मागे नवा फ्रिज. “पहिल्यांदा बर्फ जमला ना ताई, तो विकलाच नाही,” त्या म्हणाल्या. “पोरांनी चोखूनच संपवला.” आता त्या कोकमाचं सरबत थंडगार देतात. उन्हाने लालबुंद झालेली एक परदेशी मुलगी पेला रिकामा करून हातवाऱ्यांनी विचारत होती, हे कशाचं? मावशींनी बरणीतून एक आमसूल काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने चाखलं, डोळे मिटले, हसली, आणि पिशवीतून वही काढून पुढे केली. मावशींनी हात पदराला पुसले, पेन घेतलं, सावकाश लिहिलं, ‘आमसूल’. मग माझ्याकडे वळून विचारलं, आज तारीख काय?