अवकाशयान जोडणी व चाचणी

उपग्रह उडायच्या आधी त्याचे भाग (बॅटरी, सोलर पॅनल, टाक्या, अँटेना, कॉम्प्युटर) एकत्र बसवणं आणि वर जे जे सोसावं लागणार ते जमिनीवरच सोसायला लावणं, हे ते काम. भारतात ते मुख्यतः इस्रोच्या, बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात आणि मराठहळ्ळीच्या आयसाइट संकुलात चालते. सुरुवात बंगळुरूतल्याच पीण्या या भागातल्या औद्योगिक शेडमधली, आर्यभट (१९७५) तिथलाच.

प्रत्येक डबा (म्हणजे उपकरणाचा एकेक भाग) आधी सुटा तपासतात, मग जोडून, आणि दर मोठ्या चाचणीनंतर सगळी विजेची तपासणी परत, म्हणजे बिघाड नेमका कुठल्या टप्प्यात आला ते कळते. जोडणी क्लीन रूममध्ये. साधारण एक लाख वर्गाची खोली, म्हणजे घनफुटाला अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण एक लाखाच्या आत. मग शेकर टेबलावर थरथर, आवाजाच्या खोलीत १४० डेसिबलच्या आसपास किंवा वर गोंगाट, आणि थर्मोव्हॅक. थर्मोव्हॅकमध्ये हवा काढून घेतात, भिंती द्रव नायट्रोजननं गार करतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात निदान वारा तरी राहतो, इथं तोही नाही, त्यामुळे डब्यातली उष्णता फक्त धातूतून वाहून नाहीतर किरणांनीच बाहेर जाते, म्हणून साध्या भट्टीत तापवून भागत नाही.

अँटेनाच्या चाचणीवरून मात्र एक जुना वाद आहे. ॲपल हा ६७० किलोचा दळणवळण उपग्रह (उड्डाण १९ जून १९८१, एरियान रॉकेटवरून) बैलबंडीवर ठेवल्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. लोकप्रिय समज असा की इस्रोकडं गाडीलाही पैसे नव्हते. हे पटण्यासारखं नाही, उपग्रह चाचणीसाठीच मोकळ्या जागी नेला होता. पुढं कारणाचे दोन पाठ मिळतात. एका पाठात बंडी 'चुंबकीय नसलेली' म्हणून घेतली, दुसऱ्यात ट्रकच्या धातूवरून रेडिओ लहरी परत फिरून मोजमाप बिघडू नये म्हणून. पहिला पाठ जास्त छापला जातो, पण अँटेना मोजताना खरा त्रास परावर्तनाचाच, चुंबकत्वाचा फारसा नाही, त्यामुळे दुसरा जास्त जुळतो. आणि ज्यानं बंडी हाकली त्याला माहीतच आहे की लाकडी चाकालाही लोखंडी धाव राहते, आख लोखंडी राहू शकतो, म्हणजे 'धातू अजिबात नाही' हे थोडं ताणलेलं. ट्रकपेक्षा खूप कमी, एवढंच म्हणावं. आता हे काम लहरी शोषणाऱ्या भिंतींच्या बंद खोलीत होते, वावरात जावं लागत नाही.

पॅनल उघडायची चाचणी अवघड, कारण वर वजन नसते आणि खाली असते. म्हणून पॅनल वरून दोऱ्यांनी तोलून धरतात. तरी ॲपलचं एक सोलर पॅनल वर गेल्यावर उघडलंच नाही, काम मात्र दोन वर्षांच्या वर चाललं.

अशा जमिनीवरच्या कामातच घात झाल्याचंही उदाहरण आहे. २००३ मध्ये अमेरिकेत नोआ-एन प्राइम हा हवामान उपग्रह आडवा करताना ट्रॉलीवरून खाली पडला. ट्रॉलीचे २४ बोल्ट दुसऱ्या टीमनं काढून नेले होते आणि ते लावलेत का हे कुणी पाहिलंच नाही. दुरुस्तीनंतर तो २००९ ला उडाला.

या कामाशी विदर्भाचा दुवा उलट्या बाजूनं, म्हणजे वरून खाली आलेल्या वस्तूंचा. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटरची धातूची रिंग पडली, आसपास गोल टाक्याही मिळाल्या. आधी न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटचं नाव आलं, पण ते जेमतेम १.२ मीटर जाडीचं, रिंग त्याच्यात बसतच नाही. चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा तीन मीटर जाडीचा आहे, अभ्यासकांचा कल तिकडंच. तसल्या टाक्या तयार झाल्या की वापरातल्या दाबापेक्षा जास्त दाब भरून बघतात, आणि नमुन्याची एखादी मुद्दाम फुटेपर्यंत भरतात.